मावशीच्या पेटीचं कुलूप

३१ ऑक्टोबर १९६२, बुधवार

आज मावशीच्या पेटीला नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. मावशीने हाताने कुलूप चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "लय मोठं हाय वं. पेटी पळून जाते का काय?"

पेटी पळत नाही. पेटीतलं पळतं!

सकाळी तांड्याकडून एक म्हातारा आला. लाल पागोटं, खांद्याला झोळी, हातात किंगरी – एक भोपळा, एक दांडी, एक तार. "मी रामधन ढाडी," म्हणाला, "सुखीबाईच्या घराण्याचा." आणि न विचारता ओट्यावर बसला. मावशीला मोतीबिंदूमुळे माणूस दिसत नाही, पण आवाज ऐकताच ती भिंतीला धरून बाहेर आली. दिवाळी होऊन तीनच दिवस झालेत. मला वाटतं तिची दिवाळी आज झाली.

आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत प्रत्येक घराण्याचा असा ढाडी असतो. दोन-चार वर्षांनी येतो. घराण्यातली नावं, कोण कुणाची लेक, कुणी कुणाला काय दिलं, सगळं तोंडपाठ गाऊन दाखवतो. गाणं संपलं की त्याच्या हातावर काही ठेवायचं. एकदा ठेवलं की परत मागायचं नाही. हे सगळं मावशीनेच मला सांगितलं. मी सहाव्या वर्षी तांडा सोडला, मला कुठून ठाऊक असणार?

तो गायला लागला. "भीमसिंगाच्या दोन लेकी, थोरली रामी, धाकटी सुखी. रामीची लेक जमनी. प्लेगच्या साली रामी गेली, जमनी बैलगाडीत बसून अमरावतीले गेली..."

रामी माझी आई. जमनी मी. गावाला मी जमनाबाई मास्तरीण. जमनी म्हणणारं मावशीशिवाय कुणी उरलेलं नाही. याला इतकं कसं माहीत? मावशीनेच कधीतरी सांगितलं असणार, आणि हा तेच तिला परत ऐकवतो आहे. दिसत नसलेल्या म्हातारीच्या दारी यायचं, मेलेल्या बहिणीचं नाव घ्यायचं, रडवायचं, आणि मग झोळी पुढे करायची. वा!

मी मध्येच थांबवलं. तो म्हणाला, "बाई, अजून थोडं बाकी हाय. ऐकून घ्या." बाकी काय असतं ते मला कळतं. चहा दिला, एक धोतर दिलं, वाटेला लावलं.

मावशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२ नोव्हेंबर

आजच्या दिवशी अमरावतीच्या कॉन्व्हेंटात, जिथे मी वाढले, मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावत. मी अजूनही लावते. एक आईसाठी, एक सिस्टर अगाथासाठी. मावशीला मेणाचा वास येतो. "कोणासाठी?" विचारते. "रामीसाठी" म्हटलं की हात जोडते. दुसरी कुणासाठी ते विचारत नाही.

कॉन्व्हेंटच्या फाटकाशी मोठं चिंचेचं झाड होतं. त्याच्याखाली बैलगाडी थांबली होती. मावशीने माझा हात धरला होता आणि मग तो तिच्या हातात नव्हता, सिस्टरच्या हातात होता. मधलं आठवत नाही. पन्नास वर्षं झाली, मधलं आठवायचा प्रयत्न करते आहे. ती तेव्हा बावीस वर्षांची असेल. मागे वळून पाहिलं का तिने? गेल्या वर्षी निवृत्त झाले, हे दोन खोल्यांचं घर घेतलं, तिला तांड्यावरून आणलं. वाटलं होतं विचारीन. अजून विचारलेलं नाही.

५ नोव्हेंबर

तो अजून गावातच आहे. शेजारच्या शमसुन्निसाने मोटार स्टँडवर पाहिला.

७ नोव्हेंबर

आज त्याची परीक्षा घेतली. मास्तरीण आहे मी!

शमसुन्निसा भाजी निवडायला आमच्या ओट्यावर आली होती, तेवढ्यात तो आला. तिच्यासमोरच विचारलं – माझे पणजोबा कोण? सांगितलं. मावशीच्या सासऱ्याचा भाऊ? सांगितलं. मावशी पदराआड हसत होती, जणू तिचाच मुलगा पास होत होता.

मग मी वही पुढे केली. "ठीक आहे. हे सगळं मला लिहून द्या. नाहीतर सांगा, मी लिहून घेते."

त्याने वही हळूच मागे सारली. मग म्हणाला, "ढाडी लिहून देत नाई, बाई. लिहिलेलं कोणाच्याबी हाती जाते."

बस. मला हवं होतं ते मिळालं. ज्याचं खरं असतं तो कागदाला भीत नाही. सिस्टर अगाथा म्हणायची, लिहिलेल्या शब्दाला लाज असते, बोललेला वाऱ्यावर जातो. पण शमसुन्निसाला काय सांगणार? म्हणते, "मास्तरीनबाई, तुमी त मास्तर असून मास्तरच राह्यल्या. मह्या सासऱ्याले बी कुराण पुरं पाठ होतं, लिहता एक अक्षर येत नव्हतं. तेबी चोट्टा होता का?"

मी म्हटलं, तो दागिने मागत नव्हता.

"येनं तरी कुठं मागले?"

अजून मागितले नाहीत. अजून!

१२ नोव्हेंबर, सोमवार

सगळीकडे एकच विषय, चीन. शाळेत मुलींनी लोकरीच्या टोप्या विणायला घेतल्या आहेत. मीही दोन घेतल्या. रेडिओसमोर दुकानात माणसं चपला घालूनच उभी असतात, बसत नाहीत.

दुपारी श्री. सावरगावकर नावाचे गृहस्थ आले. खादीचा कोट, जाड भिंगांचा चष्मा, हातात चामडी पिशवी. संरक्षण निधीसाठी गावोगाव सोनं-चांदी गोळा करतात. छापील पावतीपुस्तक, गोल शिक्का, इंग्रजीत टाइप केलेलं पत्र. पत्र मी दोनदा वाचलं. उत्तम इंग्रजी! किती वर्षांनी असं पत्र हातात आलं.

बोलता बोलता कॉन्व्हेंटचं निघालं. मी म्हटलं, फाटकापाशी चिंचेचं झाड होतं... ते लगेच म्हणाले, "अहो, ते झाड! माझी थोरली बहीण तिथंच होती. चिंचा पाडल्या म्हणून शिक्षा व्हायची!" आम्ही दोघं हसलो. मी म्हटलं, शिक्षा म्हणजे कोपऱ्यात गुडघे टेकून उभं राहणं. ते म्हणाले, हो, हो, तेच.

माझी स्वतःची काही चीजवस्तू नाही. निबंधाचं चांदीचं पदक आहे, १९२२ सालचं. ते आणून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पदक वाचलं. मग माझ्या हातात परत ठेवलं आणि मूठ मिटली. म्हणाले, "ही आठवण आहे, बाई. देश आठवणी मागत नाही."

असा माणूस!

जाताना विचारलं, घरात आणखी कोण? मी म्हटलं, मावशी. तांड्याची. ते आत जाऊन तिच्या पाया पडून आले.

१४ नोव्हेंबर

मावशीला समजावते आहे. सोपं नाही.

"सरकार घेऊन काय करते?"

"बंदुका, मावशी. शिपायांना."

"चांदीच्या बंदुका?"

मग सगळं पहिल्यापासून. बर्फ, डोंगर, पोरांच्या पायात बूट नाहीत. बूट नाहीत म्हटल्यावर तिने स्वतःच्या टाचेवरून हात फिरवला. तिला बिनबुटाचे पाय कळतात.

पेटी उघडली. मावसाजी गेल्यापासून तिने यातलं काही अंगावर घातलेलं नाही. केसांतली घुगरी, टोपली, जड कडी, पायातले वाळे, नाण्यांच्या दोन माळा आणि सगळ्यांत जुनी ती हासळी, गळ्यात बसणारं चांदीचं कडं, मधे जाड, टोकांना बारीक. सगळं तिच्या मांडीवर ठेवलं. ती एकेक उचलून बोटांनी ओळखत होती. हासळी तिने खाली ठेवलीच नाही.

"तो मानूस आलता ना, कोटवाला," ती म्हणाली. "त्यानं मह्या पाया पडून हात धरला. हात लय मऊ हाय त्याचा."

"सुशिक्षित माणूस आहे, मावशी."

"ढाडीच्या बोटाले तारेचा घट्टा हाय."

असल्या गोष्टींवर काय बोलायचं? मी म्हटलं, मी वाचलंय सगळं. माझ्यावर विश्वास नाही का?

तिने हासळीवरून बोट फिरवलं. "तू म्हंतं त देईन, छोरी. एक-दोन दिस मह्यापाशी राहू दे."

राहू दिलं. पेटीला कुलूप लावलं नाही. लावणार कुणापासून? मी घरातच आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात नव्हते! टपाल कचेरीत गेले होते. परत येते तर ओट्यावर रामधन. मावशी वाकून त्याच्या झोळीत काहीतरी घालत होती, जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेलं. मी रस्त्यावरून ओरडले. आयुष्यात एवढ्यानं ओरडले नव्हते. वर्गातही नाही. तो उठला, हात जोडले आणि झपाझप चालता झाला. या वयात एवढा वेग!

आत येऊन पाहिलं. हासळी नाही.

"मावशी, हासळी कुठंय?"

"मी देल्ली."

"कुणाला? त्याला? का?"

"देल्ली. ढाडीले देल्लं परत मांगत नाई."

हेच! हेच त्या लोकांचं भांडवल. मागायचं नाही, कागद करायचा नाही, परत घ्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला रीतभात दाखवून लुबाडायचं. मी तिच्यावर ओरडले. ती भिंतीकडे तोंड करून बसली. हात मांडीवर, रिकामे. मग मला रडू आलं. तिला नाही.

उद्या तांड्यावर जाते.

१८ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू?

तांड्याचा प्रमुख शंकरसिंग नायक याच्या दारात नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत. मी तक्रार मांडली. नायक म्हणाला, "जमनाबाई, आमच्या तांड्यात ढाडीची झोळी आजवर कोणी उलटी केली नाई. तुमी सुखीच्या घरच्या, शिकेल बाई. म्हंता म्हणून करतो." बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. मला त्याचाही संशय आला.

झोळी उलटी केली. मी दिलेलं धोतर, तंबाखूची चंची, एक कांदा, भाकरी. दुसरं काही नाही.

सगळा तांडा पाहत होता. बायका घुंगट ओढून उभ्या. एक म्हणाली, "हे रामीची छोरी का?" दुसरी म्हणाली, "तेच. साहेबीण झाली."

मी म्हटलं, भोपळ्यात असेल. किंगरी उचलून हलवली. आत काहीतरी वाजलं! मी पुन्हा हलवली, जोरात. हातातून सुटली. भोपळा दगडावर फुटला.

आत दोन सुक्या बिया होत्या.

रामधनने तुकडे गोळा केले. एकेक, मोठे आधी, बारीक नंतर. झोळीत भरले. मग मला म्हणाला, "बाईच्या पायाले तुकडा लागला नाई ना?"

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती जेवली नाही.

१९ नोव्हेंबर

हासळी कुठेतरी विकली असणार. नायक सामील. माझी खात्री आहे. खात्री आहे ना?

२० नोव्हेंबर, मंगळवार

सावरगावकर आले. सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मान हलवली. "म्हणूनच, बाई. अशा माणसांच्या हाती पडण्यापेक्षा..." पुढचं बोलले नाहीत. सभ्य माणूस.

मी यादी केली, माझ्या चांगल्या अक्षरात. घुगरी, टोपली, कडी, वाळे, माळा. मावशीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरोबर हाय." तिचा अंगठा मी धरून कागदावर उमटवला. शाई पुसायला तिने हात पुढे केला, लहान मुलीसारखा. त्यांनी गुलाबी पावती फाडून दिली. क्रमांक ३१७. शिक्का ठसठशीत.

शमसुन्निसाकडेही त्यांना घेऊन गेले. ती म्हणाली, "मह्या नथीले हात नोको लावा, साहेब. मह्या रहमतले इचाराव लागते." तिचा मुलगा रहमत जिनिंगमध्ये मेकॅनिक आहे, संध्याकाळी येतो. साहेब म्हणाले, पुन्हा येईन. मला तिची लाज वाटली.

पेटी रिकामी. कुलूप लावलं तरी, सवयीने.

२२ नोव्हेंबर

लढाई थांबली. रेडिओवर.

मावशी म्हणाली, "आता पोरायले बूट भेटले का?"

१६ डिसेंबर

दात्यांची नावं वर्तमानपत्रात येतील असं सावरगावकर म्हणाले होते. रोज पाहते. आमचं नाव नाही. ते पुन्हा आले नाहीत. शमसुन्निसा दर दोन दिवसांनी विचारते, "तुमचा साहेब आला का? मह्या रहमतनं इचाराची तयारी करून ठेवली."

काम मोठं आहे. एवढ्या गावांतून गोळा करायचं, वेळ लागणारच.

२५ डिसेंबर

नाताळ. मावशीसाठी रव्याचा केक केला, चुलीवर, पातेल्यात वाळू घालून, सिस्टर करायची तसा. खालून करपला. मावशी म्हणाली, "गोड हाय. दगडावानी हाय, पन गोड हाय." हसलो.

मग एकटीच बसले असताना आठवलं. चिंचेचं झाड मीच सांगितलं होतं. फाटकही मीच. गुडघे टेकायची शिक्षासुद्धा. त्यांनी फक्त हो ला हो मिळवलं होतं.

सिस्टर अगाथाचं नाव मी घेतलं नव्हतं. त्यांनीही घेतलं नाही. ज्याची बहीण तिथे होती तो तिचं नाव घेतल्याशिवाय राहिला असता?

नाही. उगाच. सणाच्या दिवशी असले विचार.

९ जानेवारी १९६३

यवतमाळला जाऊन आले. जिल्हा कचेरीतल्या कारकुनाने पावती उलटसुलट पाहिली, आत नेली, परत आणली. "बाई, हे पुस्तक आमचं नाही. असा माणूसही आमचा नाही." तरुण होता, हळू बोलला. त्याने मला बसायला खुर्ची दिली.

बाकावर उमरखेडचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या हातातही तसाच गुलाबी कागद. त्यांच्या आईच्या पाटल्या गेल्या. मास्तर सांगत होते, "मी माझ्या गेलेल्या मुलाचं घड्याळ द्यायला काढलं, तर त्यानं माझी मूठ मिटली. म्हणाला, ही आठवण आहे, मास्तर. देश आठवणी मागत नाही. म्हणून तर मी आईला म्हटलं, दे..."

त्यांना मी माझं काही सांगितलं नाही. पदक पिशवीत होतं. दाखवायला नेलं होतं, का कोण जाणे.

१० जानेवारी

मावशीने विचारलं, "आपलं नाव आलं का?"

मी म्हटलं, "आलं."

वाचून दाखव म्हणाली. मी वर्तमानपत्र हातात घेतलं आणि नसलेलं नाव वाचलं. सुखीबाई. मोठ्यानं, स्पष्ट. उभ्या आयुष्यात वाचताना खोटं बोलले नव्हते. तिने मान डोलावली. लिहिलेल्या शब्दाला म्हणे लाज असते!

२७ जानेवारी

मी रामधनला काय विचारलं होतं – लिहून द्या. त्याने काय उत्तर दिलं होतं? शब्द आठवतात. लिहायला हात होत नाही.

पण मग हासळी? ती तर त्यानेच नेली. माझ्या डोळ्यांदेखत. सावरगावकर चोर निघाला म्हणून रामधन साव होत नाही. हेच पुनःपुन्हा घोकते आहे. हेही सोडलं तर मग माझ्यापाशी काय राहिलं?

३ फेब्रुवारी

आज मावशीला खरं सांगितलं. तूर निवडत होतो. म्हटलं, मावशी, तो माणूस खोटा होता. नाव आलेलं नाही. सगळं गेलं. मीच दिलं. मी तुला सांभाळायला आणलं, आणि मीच...

तिचे हात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, तूर एका बाजूला, डोळ्यांशिवाय.

"मले वाटलंच," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाचून देल्लं होतं." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "त्या मास्तरची माय जेवते का?" उमरखेडच्या मास्तरांबद्दल मी तिला नुकतंच सांगितलं होतं. मला त्यांच्या आईचा विचारही आला नव्हता.

१९ फेब्रुवारी

दिग्रसच्या बाजारातून एक वाळलेला भोपळा आणला. रहमतने सायकलची तार लावून दिली, दांडी तासून दिली. छेडून पाहिली आणि म्हणाला, "मास्तरीनबाई, वाजते तं वाजते, पन सायकलीवानी वाजते." शमसुन्निसा इतकी हसली की तिच्या हातातून पळी पडली.

मावशी आतून म्हणाली, "काहून वं छोरी, चोराले किंगरी कायले?"

म्हणाले, मोडली मी होती.

"मंग होळीले तांड्यावर जाऊ, ढाडी तठीच असते तवा," ती म्हणाली. "तुह्या हातानं दे."

१२ मार्च १९६३, मंगळवार

होळी परवा झाली. तांड्यावरून आत्ताच परतलो.

नायकाच्या दारात रामधनच्या पुढे किंगरी ठेवली आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्याने मला उठवलं नाही, किंगरी उचलली. तार लावून घेतली. म्हणाला, "त्या दिशी बाकी राह्यलं होतं. आता ऐका." आणि गायला, "रामीच्या गळ्यातली हासळी, मरताना सुखीच्या हाती देल्ली, ठेव रामीची, मालकीन जमनी..."

नायकाची बायको आतून आली. ज्वारीच्या कणगीत हात घालून तोच ओढणीचा तुकडा काढला, रामधनने त्याच दिवशी तिच्यापाशी ठेवलेला. मावशीने गाठ सोडली आणि चाचपडत, माझी मान शोधून, हासळी माझ्या गळ्यात घातली. थंड होती. ज्वारीचा एक दाणा तिच्याबरोबर आला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

"सांगतलं असतं त पयले हेच देल्लं असतं तू. पदक नाई का देल्लं? मह्या वस्तू मह्या व्हत्या, गेल्या. हे मही नवती." मग माझ्या गालावर हात ठेवला. "जपाचं ते म्या कधी आपल्यापाशी ठेवलं नाई, छोरी. तुलेबी नाई."